रोग सांगू नका

पहिल्याच भेटीत त्या माणसाने मला गॅरेजच्या बाहेर काढलं. मी फक्त एवढंच म्हणालो होतो, की गाडीची इग्निशन कॉइल गेलीय, बदलून हवी.

"कोण म्हणतो?" तो एका उघड्या बॉनेटखाली वाकलेला होता, मान वर करायचीही तसदी त्याने घेतली नाही.

"तंजावरच्या वर्कशॉपमध्ये सांगितलं."

"मग त्यांजकडेच जावा." हातातल्या पान्याने त्याने फाटक दाखवलं. "येथे रोग सांगूं नका. लक्षण सांगा. रोग मी सांगतो. आतां बाहेर जाऊन पुन्हा या."

माझं वय तेव्हा सेहेचाळीस. साखर कारखान्यात चीफ केमिस्ट, हाताखाली चाळीस माणसं. आणि मी खरोखर बाहेर गेलो, कुंभकोणमजवळच्या साक्कोट्टैच्या रस्त्यावर एप्रिलच्या उन्हात अर्धा मिनिट उभा राहिलो आणि पुन्हा आत आलो. त्या अर्ध्या मिनिटाचा राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. तो माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठा, म्हणून त्याला 'ते' म्हणायला हवं हे मला कळतं. पण मनात मी त्याला कायम 'तो'च म्हणत आलो आहे आणि इथेही तेच म्हणणार.

त्याच्याकडे मला बायकोने पाठवलं होतं. मी सांगलीचा, ती कुंभकोणमची. तंजावरच्या मराठी राजांच्या काळात जी घराणी इकडे आली आणि इथलीच झाली, त्यांतल्या एका घरची. हा गॅरेजवालाही त्यांतलाच. त्याचे पूर्वज म्हणे राजाच्या पागेत घोड्यांना औषध देत. घरात जुनं, तमिळच्या हेलाचं मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ, असा या मंडळींचा रिवाज. मराठी माणूस आहे, नीट समजावून सांगेल, असं बायको म्हणाली होती. समजावून सांगणं! मला तो 'पुण्याचे सार' म्हणायचा, सार म्हणजे तमिळ तोंडातलं 'सर'. मी सांगलीचा आहे हे त्याला मी निदान वीस वेळा सांगितलं असेल. "तेंच तें," तो म्हणायचा.

गॅरेजच्या पुढच्या भिंतीवर एक तार ताणलेली होती आणि तिला वीस-पंचवीस कॉइली लटकत होत्या. कॉइल म्हणजे बॅटरीच्या बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट करून स्पार्क प्लगला देणारी बोटभर लांबीची वस्तू. हल्लीच्या गाड्यांत प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर एकेक बसवलेली असते. मला वाटलं, या सगळ्या जळलेल्या. तर नाही, त्या सगळ्या चांगल्या होत्या. दुसऱ्या कुणीतरी 'गेली' म्हणून काढून फेकलेल्या, आणि याने तपासून धडधाकट ठरवलेल्या. तो त्यांना 'निरपराधी' म्हणायचा. गिऱ्हाईक फार बोलायला लागलं, की त्याला तारेपाशी नेऊन उभं करायचा आणि म्हणायचा, "यांजकडे पाहून बोला."

स्कॅनर त्याच्याकडेही होता. पण तो यंत्राचा शब्द शेवटचा मानायचा नाही. "कोठे दुखतें तें हें सांगतें. कां दुखतें हें त्यास कोण सांगणार?" अख्खं गाव कॉफीवर जगतं आणि हा कॉफी पीत नसे. अकरा वाजता ताक, तेही उभ्याने, आणि त्या दोन मिनिटांत कुणी बोललं तर ताक खाली ठेवून आधी त्याला झापायचा. एकदा तिरुप्पनंदाळचा एक तांदळाचा व्यापारी आला होता. मोठी गाडी, बोटांत अंगठ्या. लवकर करा, लग्नाला जायचंय, असं त्याने दोनदा म्हटल्यावर याने गाडीचे चारही प्लग काढून एका ताटात ठेवले, ताट त्याच्या हातात दिलं आणि म्हणाला, "घ्या, जावा लग्नास." व्यापारी तासभर ताट धरून उभा होता. मी बाजूला उभा राहून हसलो, आणि माझ्यावरही ओरडा बसला.

फक्त स्वामीमलैच्या मूर्ती ओतणाऱ्या एका कारागिराशी तो बरं बोलायचा. मेणाच्या मूर्तीवर मातीचा साचा, त्यात ओतलेला धातू, आणि साचा फोडल्याशिवाय आत काय झालंय ते कळत नाही. चूक निघाली तर पुन्हा मेणापासून सुरुवात. "या मनुष्यास पुन्हा करायची लाज नाहीं," असं तो म्हणायचा. त्याच्या तोंडून मी ऐकलेली ही एकुलती एक स्तुती.

आता आमच्या गाडीचं सांगतो, कारण माझा खरा राग तिथला आहे.

माझे सासरे, अप्पा, निवृत्त हेडमास्तर. वर्गात त्यांनी आवाज चढवला की बाहेर रस्त्यावरच्या सायकली थांबत, असं बायको सांगायची. मी तो आवाज कधी ऐकला नव्हता. या प्रकाराच्या दोन वर्षं आधी त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार असं तंजावरला डायलिसिस सुरू झालं. कुंभकोणमला सोय होती, पण यादी लांब होती. एकदा भाड्याच्या गाडीत परतताना त्यांना उलटी झाली आणि ड्रायव्हर त्यांना नाही नाही ते बोलला. त्या दिवसापासून परक्याच्या गाडीत ते बसायला तयार नव्हते. आमची गाडी, पुढची सीट, मांडीवर टॉवेल. गाडीला दुसरं कामच नव्हतं. त्या तीन दिवशी मी ती चालवायचो, एरवी कारखान्याच्या बसने जात असे. गाडी चालली तर अप्पा जाणार, नाही चालली तर नाही. आणि लागोपाठ दोन खेपा चुकल्या तर अंगातलं पाणी छातीत चढेल, असं डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलेलं.

या माणसाशी घरात सगळे हळू बोलत. नर्स 'ताता', म्हणजे आजोबा, म्हणून गालाला हात लावी. बायको घास भरवायच्या आवाजात बोले. मीही तसाच. अप्पा सगळ्याला "सरि" म्हणत, म्हणजे ठीक आहे, आणि भिंतीकडे बघत बसत.

तर त्या गाडीने हिसके द्यायला सुरुवात केली होती. चढावर जोर नाही, मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकतोय, मागे कच्च्या पेट्रोलचा वास. तंजावरच्या वर्कशॉपने तिसऱ्या सिलिंडरची कॉइल बदलून दिली. सहा आठवड्यांनी पुन्हा तेच. पुन्हा तिसरीच. म्हणून मी याच्या दारात आलो होतो.

लक्षणं सांगून झाल्यावर त्याने पाना माझ्या हातात दिला. "तीनची काढा, एकवर लावा. एकची तीनवर." मी म्हटलं, मी का? "गाडी कोणाची?" मी घामाघूम होऊन अदलाबदल केली. इंजिन सुरू केलं तर स्कॅनर आता पहिल्या सिलिंडरची तक्रार करायला लागला. कॉइलबरोबर दोष हलला होता.

"बघा," मी म्हणालो, "कॉइलच गेलीय."

"कॉइल मेली तें मज पहिल्या हिसक्यासच कळलें. एके जागीं दोन मेल्या. जागेनें मारल्या. कां मारल्या?" आणि त्याने गाडी ठेवून घेतली. चार दिवस! मी हात जोडले, डायलिसिसचं सांगितलं, आवाज चढवला. तो म्हणाला, "वाटेंत बंद पडेल अशी गाडी मी हातीं देणार नाहीं." गुरुवारी आणि शनिवारी मी कारखान्यातल्या सहकाऱ्याची गाडी मागून आणली. त्यात बसताना अप्पांनी डोळे मिटून घेतले, तंजावर येईपर्यंत उघडले नाहीत.

सोमवारी त्याने गाडी परत दिली. तीनवर नवी कॉइल, चार दिवस रोज पन्नास किलोमीटर स्वतः चालवलेली, एक हिसका नाही. कारण सापडलं का, म्हणून मी विचारलं. "नाहीं," तो म्हणाला, आणि हे सांगताना तो इतका संतापलेला होता की मी पुढे काही विचारलं नाही.

मंगळवारी सकाळी तंजावरच्या वाटेवर पापनाशमच्या अलीकडे गाडीने चार हिसके दिले आणि ती थांबली.

पाऊण तास आम्ही रस्त्याच्या कडेला होतो. मग ती कशीबशी तीन सिलिंडरवर लंगडत तंजावरला पोचली. परत येताना अप्पा म्हणाले, "पुरे जालें. गाडीसही कळतें. गुरुवारी मी येत नाहीं."

गुरुवारी ते आले नाहीत. बायकोने समजावलं, मी समजावलं, डॉक्टर फोनवर गोड बोलले. "सरि," म्हणून ते भिंतीकडे वळले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अप्पांवर ओरडता येत नव्हतं, म्हणून मी लंगडती गाडी घेऊन साक्कोट्टैच्या रस्त्याला लागलो आणि गॅरेजात शिरून आयुष्यात कुणाला बोललो नाही इतकं त्याला बोललो. तुमच्या चार दिवसांच्या शहाणपणामुळे माणूस मरायला टेकलाय, असंही म्हणालो.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मजकडे चार दिवस हीस कांहीं होत नाहीं. तुमच्या घरीं एक रात्र राहते आणि मरते. तुमच्या घरीं काय होतें?"

धुतो का इंजिन? नाही. उंदीर? नाही. पोलिसासारखे प्रश्न विचारत त्याने तीनची कॉइल उपसली. तिच्या टोकाची रबरी नळी ओली होती. खाली प्लगच्या खोबणीत चक्क पाणी होतं. त्याने बोट बुडवून वर काढलं. पिवळसर पाणी, बोटाला तुळशीचं एक पान चिकटलेलं. त्याने ते नाकाशी धरलं.

"भीमसेनी कापूर," तो म्हणाला. "घरांत पूजा कोण करतो?"

मी बायकोला फोन लावला. तिने आधी, कशाला विचारताय, म्हणून विचारलं. मग म्हणाली, की निघायच्या दिवशी पहाटे, मी अंघोळीला गेलो की, अप्पा तिला गाडीचं बॉनेट उघडायला लावतात. इंजिनवर एक पळी कापूर-तुळशीचं तीर्थ घालतात. हळद, चंदन लावतात. कधी एक, कधी दोन पळ्या. एवढ्याशा पाण्याने काय होणार, म्हणून ती मला बोलली नव्हती. सोमवारी गाडी परत आल्यावर मंगळवारी पहाटे तर चार घातल्या होत्या, बरी होऊन आली म्हणून.

मी तिच्यावरही ओरडलो. तोवर हा माणूस मेलेली कॉइल हातात घेऊन माझ्या गाडीत जाऊन बसला होता. "चला घरीं," म्हणाला.

अप्पा पुढच्या खोलीत खुर्चीवर होते. पाय सुजायला लागले होते. हा आत शिरला, ग्रीसने काळे झालेले हात, मुठीत कॉइल, आणि घराच्या भिंती हलतील असा ओरडला, "तुम्हींच कीं नाहीं?"

अप्पांनी मान वळवली. "कोण हा?"

"तीन मारल्या तुम्हीं! तीन! हेडमास्तर होतां ना? विजेवर पाणी घालूं नये, हें पोरांस शिकवलें नाहीं?"

"तें पाणी नव्हे. तीर्थ."

"विजेस काय ठाऊक तीर्थ!"

"आवाज खाली!" अप्पा म्हणाले. तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. खुर्चीचे हात धरून ते उठत होते. "मज दिवसास मोजकें पाणी. गोळ्या गिळायास पुरत नाहीं. जन्मभर पूजा करून एक पळी तीर्थ घेतलें, आतां तेंही वर्ज्य. मग माझा वांटा मी गाडीस दिला. ती मज नेते. तुझें काय जातें?"

आमच्यापैकी कुणालाच हे ठाऊक नव्हतं. बायकोने तोंडाला पदर लावला. मला वाटलं, आता तरी हा माणूस गप्प होईल. कुणीही झाला असता.

तो दुप्पट ओरडला, "तुम्हांस वर्ज्य, तसें तीसही वर्ज्य! पाणी सांचलें तर तुमचें काय होतें? तिचेंही तेंच! स्वतःस ठाऊक असतां दुसऱ्यास पाजतां?"

मी त्याचं मनगट धरलं. बाहेर काढणारच होतो त्याला, ढकलून. पण बायकोने माझा हात धरला आणि कानाशी म्हणाली, "थांबा. अप्पांकडे बघा."

अप्पा आधाराशिवाय उभे होते. चेहरा लाल, बोट त्याच्या छातीवर रोखलेलं. "मज शिकवतोस? आत्तां तूंच म्हणालास, कॉइल मारल्या म्हणून. जें मरतें त्यास जीव असतो कीं नसतो? जीव असेल तर तीर्थ चालतें!"

त्या माणसाने मुठीतल्या कॉइलकडे पाहिलं. "बोलायची रीत आहे ती," तो अखेर म्हणाला.

"रीत! वर्गांत असें उत्तर दिलें असतेंस तर बांकावर उभा केला असता!"

अर्धा तास दोघे भांडले. मी आणि बायको दाराशी उभे. शेजारी जमले. दोन वर्षांत त्या घरात कुणी अप्पांना 'तुमचं चुकलं' असं म्हणालं नव्हतं. आम्ही त्यांना आधीच निरोप देऊन बसलो होतो, हे मला तेव्हा कळलं, आणि ते एका परक्या, उद्धट माणसाकडून कळावं याचा मला भयंकर राग आला.

शेवटी त्याने अप्पांना गाडीपाशी यायला लावलं. कापडाची गुंडाळी त्यांच्या हातात दिली. "तुम्हीं ओलें केलें, तुम्हींच पुसा." अप्पांनी ती खोबण कोरडी केली, त्याने खिशातून काढलेली चांगली कॉइल बसवली, वायरची टोपी दाबली. टक्क आवाज झाला. इंजिन एकसारखं चालायला लागलं.

"आत्तां निघालें तर बेड मिळेल का रे?" अप्पांनी मला विचारलं. मी फोन केला. संध्याकाळची वेळ मिळाली. सीटवर बसून, काच खाली करून ते त्या माणसावर ओरडले, "शनिवारी येतो. उत्तर तयार ठेव!"

आणि शनिवारी ते खरंच गॅरेजवर गेले. दर मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी तंजावरला जाताना वाट वाकडी करून गाडी गॅरेजच्या फाटकाशी थांबवायची, हा नियमच झाला. गाडीला जीव असतो की नसतो, यावर पाच-दहा मिनिटं भांडण. एका खेपेला एकाने बोलायचं, पुढच्या खेपेला दुसऱ्याने. तीर्थ आता पुढच्या चाकावर पडायचं. त्यावरही त्याची तक्रार होतीच, रिम गंजेल म्हणून. वाटेत अप्पा मला मुद्दे सांगत आणि मी विसरलो तर मला ढ म्हणत. चौदा महिने हे चाललं. डॉक्टर म्हणाले होते, सहा मिळाले तर खूप. या चौदा महिन्यांत त्या माणसाने एकदाही 'तब्येत कशी आहे' असं विचारलं नाही. यासाठीही मी त्याच्यावर चिडलेलो असे.

अप्पा एका सोमवारी पहाटे गेले. मंगळवारी सकाळी घर माणसांनी भरलेलं असताना तो आला. आत आला नाही. फाटकाचा गज धरून रस्त्यातूनच ओरडला, "शनिवारी मी उत्तर दिलें होतें! आज त्यांची पाळी होती! पाळी असतां असें उठून जातात?"

मी धावत बाहेर गेलो. काय बोललो ते आठवत नाही. लाज नाही का, असं काहीतरी. तोही बोलत होता. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तरी मी ओरडत होतो. सगळी गल्ली बघत होती. तेवढ्यात माझी बायको माझ्या मागून फाटकाशी आली.

"अप्पांनीं निरोप ठेवला आहे," ती त्याला म्हणाली. "रविवारी सांगितला. म्हणाले, 'त्यास सांग, तुझें उत्तर चुकलें.'"

तो थबकला. "कोठे चुकलें?"

"तें सांगितलें नाहीं. शोधूं दे म्हणाले."

"कोठे चुकलें?" त्याने फाटक हलवलं. "असें कसें! कोठे, तें सांगायास नको?" बडबडत, हातवारे करत तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला, तिथून वळून पुन्हा एकदा ओरडला आणि दिसेनासा झाला.

रविवारी मी दिवसभर अप्पांच्या उशाशी होतो. ते शुद्धीवर नव्हते. एक शब्द बोलले नव्हते.

मी बायकोकडे पाहिलं. तिने नजर चुकवली नाही. आम्ही आत गेलो, आणि या विषयावर आम्ही कधी बोललो नाही. पण अजून महिन्या-दोन महिन्यांनी त्याचा फोन येतो. सांगलीला परत आलो तरी येतो. नमस्कार नाही, चमत्कार नाही. शनिवारचं आपलं उत्तर तो मला पहिल्यापासून शब्दन् शब्द ऐकवतो आणि खेकसतो, "येथे चुकलें का?" आणि मी तितक्याच जोरात ओरडतो, "नाही! अजून शोधा!"